तुम्ही विचारलंत म्हणून : जाफन्यात मी काय केले

दर पंधरा ऑगस्टला झेंडावंदन आटोपले, की शाल-श्रीफळ हाती देता देता कोणीतरी विचारतेच, "मेजर, कारगिलला होतात ना?" (पेन्शनीवर आलेला हवालदारही गावात मेजरच असतो.) नव्हतो. १९९९ मध्ये मी बेळगावच्या सेंटरमध्ये रंगरूटांना कवायत शिकवत होतो. गेल्या वर्षी मात्र निवेदकाने मला 'कारगिलवीर' म्हटले आणि मी त्याला दुरुस्त केले नाही, कारण १९८७ साली भारतीय शांतिसेनेतून श्रीलंकेतल्या जाफन्यात तमिळ वाघांशी (एलटीटीईशी) लढलो असे सांगितले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "तिथे तर आपण हरलो. मग केलेत तरी काय?"

आजवर मी तयार उत्तरे देत आलो. जुलैच्या भारत-श्रीलंका करारानंतर आपली फौज उतरली तेव्हा लोकांनी हार घातले आणि ऑक्टोबरात त्याच गल्ल्यांतून गोळ्या आल्या. मुंबईत जन्मलेल्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले, ते तिथल्याच लढाईसाठी. अकराशेहून अधिक जवान तिथे पडले. हे सारे खरे आहे, पण मी काय केले ते यात कुठेही येत नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस आमच्या सेक्शनला एका वस्तीची झडती घ्यायची होती. आदल्या दिवशी रस्त्यात पुरलेल्या सुरुंगाने आमचे दोघे गेले होते आणि त्यांतला एक माझ्याच भरतीचा, माझ्याच तालुक्यातला होता. बोळी अरुंद होत्या, दोन्ही बाजूंना ताडाच्या झावळ्यांची उंच कुंपणे होती आणि त्यांमागे कोण दडले आहे, हे कळायला मार्ग नव्हता. एका दारात एक म्हातारी पितळी तांब्या पुढे करून "तण्णी, तण्णी" म्हणत उभी होती. तमिळमध्ये पाण्याला तण्णी म्हणतात, एवढे एव्हाना आम्हा सर्वांना कळत होते. विषाच्या भीतीने बाहेरचे पाणी घेऊ नये, असा हुकूम होता. मान हलवून मला पुढे जाता आले असते. मी रायफलच्या दस्त्याने तांब्या उडवला. दस्ता तिच्या मनगटावरही बसला असावा, असे मी अनेक वर्षे स्वतःला सांगत होतो. तो बसला होता. ती ओरडली नाही. तांब्या उचलून, त्यावरची रेती पदराने पुसून ती आत गेली आणि दार तिने उघडेच ठेवले. त्याच दारातून शिरून आम्ही झडती घेतली. घरात काहीच सापडले नाही.

हुकूम म्हणजे हुकूम, असे माझ्यातला तेव्हाचा पंचवीस वर्षांचा नाईक मला आजही सुनावतो आणि आदल्या दिवशी त्याने काय उचलून आणले होते हे मला ठाऊक असल्यामुळे त्याला गप्प करणे मला जमत नाही. हुकूम पाणी न पिण्याचा होता, एवढेच मी म्हणतो. त्या घरात हत्यार सापडले असते तर तुझे मन हलके झाले असते का, असे मी त्याला विचारतो. तो म्हणतो, हो.