कोल्हापूर–बेळगाव–कणकुंबी, विजेच्या गाडीने

दिवाळीनंतर बेळगावहून कोल्हापूर, आणि तिथून परत येऊन जांबोटीमार्गे कणकुंबी, असा प्रवास आम्ही विजेच्या गाडीने केला. सीमाभागातले बरेच जण आता अशी गाडी घ्यावी का म्हणून विचारतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: वाटेत चार्जिंग मिळतं का? मिळतं. पण जे मिळतं ते तुमच्या गाडीला चालतं का, आणि तिथे पोचल्यावर कुठलं ॲप न शोधता पैसे देता येतात का, हे प्रश्न त्याहून महत्त्वाचे आहेत. चार्जिंगच्या यंत्रांमध्ये आपल्या कराचा पैसा आहे, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहितो.

आमची मोटार जुनी, ३० युनिट (किलोवॅट-तास) बॅटरीची. महामार्गावर ताशी ८० धरून चाललं तर एका युनिटला साडेसहा-सात किलोमीटर पडतात. कोल्हापूर–बेळगाव सुमारे ११० किलोमीटर, म्हणजे एका बाजूला सोळा-सतरा युनिटं. जाऊन-येऊन एका चार्जमध्ये होत नाही, मध्ये एकदा थांबावंच लागतं. ४५ युनिटची नवी गाडी असेल तर न थांबताही परत येता येईल, मात्र ताशी शंभरच्या वर गेलात की हा हिशोब कोलमडतो. तवंदी आणि वंटमुरी या दोन घाटांत बॅटरीचा आकडा जरा भराभर उतरतो, घाबरू नका. सहापदरीकरणाच्या कामामुळे ठिकठिकाणी वळणरस्ते आहेत. तिथे वेग आपोआप कमी होतो आणि बॅटरी वाचते, वेळ मात्र जातो. कोगनोळी आणि हत्तरगी हे दोन्ही टोलनाके कर्नाटकाच्या हद्दीत आहेत. महाराष्ट्राने विजेच्या मोटारींना दिलेली टोलमाफी अटल सेतू, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गासाठी आहे. आपल्या या रस्त्यावर टोल पूर्ण भरावा लागतो.

निपाणीत माझा पुतण्या राहतो. त्याच्याकडे विजेची स्कूटर आहे. परतीच्या वाटेवर तोही आमच्याबरोबर बेळगावला निघाला, आम्ही मोटारीत आणि तो मागोमाग स्कूटरवर. दोन्ही वाहनं विजेचीच, रस्ता एकच, तरी दोघांचा अनुभव इतका वेगळा आला की हे लिहावंसं वाटलं.

मोटारीचं सोपं होतं. भारतात चारचाकींसाठी सीसीएस-२ नावाचं कनेक्टर, म्हणजे गाडीला लावायच्या प्लगचा प्रकार, रूढ झालं आहे. टाटा, महिंद्रा, एमजी, ह्युंदाई, कुठलीही नवी गाडी असो, जलद चार्जिंगचं तोंड तेच. त्यामुळे महामार्गावर हॉटेलाच्या आवारात एका कंपनीचं यंत्र दिसलं की दुसऱ्या कंपनीची गाडी तिथे निर्धास्त लावता येते. अपवाद एकच. सुरुवातीच्या काळात सरकारी कार्यालयांसाठी घेतलेल्या लहान गाड्यांकरिता भारत डीसी-००१ या जुन्या प्रमाणाची १५ किलोवॅटची यंत्रं बसवली गेली होती, त्यांचं कनेक्टर वेगळं. नकाशावर 'डीसी' असं दिसलं तरी कनेक्टरचं नाव वाचूनच वळा.

संकेश्वरच्या आसपास आम्ही गाडी लावली. यंत्र ६० किलोवॅटचं होतं, दोन गन, म्हणजे गाडीला लावायच्या दोन वायरी. आमची जुनी गाडी पंचवीस किलोवॅटच्या वर घेतच नाही, त्यामुळे शेजारी दुसरी गाडी लागली तरी आम्हाला फरक पडला नाही. नवी गाडी असेल तर दोन गन एकदम चालू असताना वीज निम्मी-निम्मी वाटली जाते हे धरून चाला. २० पासून ८० टक्क्यांपर्यंत पाऊण तास लागला. ८० च्या पुढे वेग खूप मंदावतो, तिथे बसून राहण्यात अर्थ नाही.

पुतण्याच्या स्कूटरची बॅटरी वीस टक्के राहिली होती. तिथेच भिंतीवर दुचाकींचा एक जलद चार्जरही होता. त्याने गन हातात घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाला, "काका, हे माझ्या गाडीला बसत नाही की." यंत्र एका कंपनीचं, स्कूटर दुसरीची, आणि दोघांची तोंडं वेगळी. वीज होती, जागा होती, पैसे द्यायला माणूस तयार होता, तरी गाडी चार्ज होईना. शेवटी पलीकडच्या चहाच्या हॉटेलात त्याने "करंट ऐतेन?" (वीज आहे का?) म्हणून कन्नडमध्ये विचारलं. मालकांनी काउंटरमागचा साधा प्लग दाखवला. घरून आणलेल्या चार्जरने तासाला वीसेक किलोमीटर भरतात. आम्ही पाऊण तासात निघायला मोकळे झालो, तो आणखी दोन तास तिथेच बसला. मालकांनी पैसे घेतले नाहीत. पुढे जाणाऱ्यांनी मात्र विजेचे पैसे आपणहून पुढे करावेत, नाहीतर हा प्लग फार दिवस मिळणार नाही.

दुचाकीचा हा तिढा सुटू शकतो, आणि कसा सुटतो हे आपल्याच देशात दिसलं आहे. एथर या स्कूटर कंपनीने २०२१ मध्ये आपल्या कनेक्टरचा आराखडा इतर कंपन्यांना वापरायला खुला केला. हीरोच्या विडा स्कूटरने तोच स्वीकारला, आणि दोघांच्या गाड्या एकमेकांच्या चार्जरवर चालू लागल्या. २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने हलक्या वाहनांसाठी त्याला मान्यताही दिली. प्रमाण ठरलं, पण ते सर्वांवर सक्तीचं झालं नाही. म्हणून स्कूटर घेणाऱ्याने मायलेज आणि रंग विचारण्याआधी विचारावं: हिचं कनेक्टर कोणतं, आणि निपाणी ते बेळगाव या पट्ट्यात ते कुठे कुठे आहे?

सरकार पैसा देतं तिथे ते अटही घालू शकतं. अमेरिकेत हेच झालं. तिथे महामार्गांवरच्या चार्जिंगसाठी ५ अब्ज डॉलरचा निधी ठेवला गेला, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत नियम आले: निधी हवा तर सर्वांना चालणारं कनेक्टर हवं, सभासद असण्याची अट नको, आणि यंत्र ९७ टक्के वेळ चालू हवं. त्याच सुमाराला टेस्लाने २०२४ अखेर किमान ७,५०० चार्जर इतर कंपन्यांच्या गाड्यांना खुले करण्याचं कबूल केलं. तोवर ते जाळं जवळपास फक्त तिच्याच गाड्यांचं होतं. युरोपात तर एप्रिल २०२४ पासून नव्या जलद चार्जरवर साध्या बँक कार्डाने पैसे देता आले पाहिजेत असा कायदाच आहे.

आपल्याकडे पैसा कमी नाही. विजेच्या वाहनांसाठीच्या केंद्राच्या फेम-२ योजनेतून २०२३ मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ जलद चार्जिंग स्टेशनांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर झाले. त्यानंतरच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत १०,९०० कोटींपैकी २,००० कोटी फक्त सार्वजनिक चार्जिंगसाठी आहेत. सरकारी आवारात यंत्र बसवून ते सर्वांसाठी खुलं ठेवलं तर शंभर टक्के अनुदान आहे. बसस्थानक, रेल्वे स्थानक, पेट्रोल पंप अशा जागी वीज आणून देण्याच्या खर्चाचे ८० टक्के आणि यंत्राच्या किमतीचे ७० टक्के मिळू शकतात. एवढा वाटा सरकारचा असेल, तर त्या यंत्राने समोर आलेली गाडी कोणाची हे विचारता कामा नये, असं माझं ठाम मत आहे. खाजगी कंपनीने स्वतःच्या पैशाने स्वतःच्या ग्राहकांसाठी यंत्र लावलं तर गोष्ट वेगळी. अनुदान घेतलेल्या यंत्राला ती मुभा नसावी.

सीमाभागातल्या माणसाला हे जास्त जाणवतं. महाराष्ट्राची एसटी आणि कर्नाटकाची बस एकमेकांच्या स्थानकात उभी राहते ती दोन राज्यांमधल्या करारामुळे. वातावरण तापलं की त्याच बस सीमेवर थांबतात आणि खोळंबतो तो रुग्णालयात निघालेला, कॉलेजला निघालेला माणूस. चार्जिंगच्या बाबतीत कागलला महावितरण आणि कोगनोळीला हेस्कॉम ही कर्नाटकाची वीज कंपनी, इतकाच फरक असायला हवा, आणि मोटारीच्या प्लगपुरता तो तेवढाच आहे. पैसे देण्याच्या बाबतीत नाही. कोल्हापुरात चालणारं ॲप पुढच्या यंत्रावर चालेलच असं नाही. प्रत्येकाचं वेगळं ॲप, वेगळं वॉलेट, वॉलेटमध्ये आधी भरायचे पैसे. आमच्या या एका प्रवासात तीन ॲपमध्ये थोडे थोडे पैसे अडकून राहिले. सगळी स्टेशनं एकाच ॲपवर आणण्याचं काम केंद्राने २०२५ मध्ये भेल या सरकारी कंपनीकडे सोपवलं आहे. ते सर्वत्र लागू होईपर्यंत घरी वायफायवरच सगळी ॲप उतरवून, नोंदणी करून, कमीत कमी रक्कम भरून निघा. जी कंपनी आरएफआयडी कार्ड देते तिचं कार्ड जरूर घ्या. ते यंत्राला टेकवलं की काम होतं, फोनला रेंज लागत नाही.

फोनच्या रेंजचं महत्त्व कळतं ते खानापूर तालुक्यात शिरल्यावर. बेळगावात रात्री घरी दोन्ही वाहनं पूर्ण भरली आणि सकाळी जांबोटीचा रस्ता धरला. जांबोटीनंतर झाडी दाटते, फोनची रेंज येते-जाते, आणि कणकुंबीपर्यंत ओटीपीच्या भरवशावर काही करू नये. मोटारीला काळजी नाही. पन्नासेक किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं सहज होतं. स्कूटरला मात्र ते काठावर येतं, विशेषतः मागे कोणी बसलं असेल तर. पुतण्याने जांबोटीत एका ओळखीच्या घरी चार्जर लावायचं ठरवलं, तर अर्थिंगच नव्हतं. चार्जरवर लाल दिवा लागला आणि वीज घेईना. आपल्या गावाकडच्या जुन्या घरांत हे सर्रास आढळतं. दिवा लाल लागला तर जुगाड करू नका, दुसरं घर शोधा. आम्हाला तीन घरं सोडून नव्या बांधकामात अर्थिंग मिळालं.

कणकुंबीला माउलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम, दोन्ही शांतपणे बघायला अर्धा दिवस ठेवा. पावसाळ्यात हा भाग बेफाम भिजतो, तारांवर झाडं पडतात आणि वीज तासन् तास जाते. त्या दिवसांत पूर्ण भरलेल्या बॅटरीशिवाय इकडे येऊ नका. हेस्कॉमची तक्रार १९१२ वर करता येते.

कणकुंबीच्या पुढे चोर्ला घाट उतरून गोव्यात जाणाऱ्यांसाठी थोडा हिशोब. उतरताना गाडी वीज परत भरते, त्यामुळे घाटाखालच्या साखळी गावाला पोचेपर्यंत बॅटरी जवळपास तेवढीच दिसते आणि माणूस खूश होतो. ती खुशी परतीसाठी जपून ठेवा. घाटमाथा सुमारे ८०० मीटर उंच आहे. दीड-पावणेदोन टनांची गाडी तेवढी वर चढवायला नेहमीच्या खर्चावर चारेक युनिटं जास्त लागतात. आमच्यासारख्या ३० युनिटच्या गाडीने गोव्यातच चार्ज करून चढावं.

वेळेबद्दल एक. केंद्राच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चार्जिंग स्टेशनला सकाळी ९ ते दुपारी ४ या काळात वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट दराने मिळावी, इतर वेळी १.३ पट. ज्या स्टेशनांनी हा फरक ग्राहकापर्यंत पोचवला आहे तिथे दुपारचं जेवण आणि चार्जिंग एकत्र उरका. दर बघताना १८ टक्के जीएसटी धरून आहे की वगळून, हेही वाचा.

जांबोटीत परतताना एका खानावळवाल्यांनी विचारलं, "आमच्याकडं लावता येईल का हो असलं मशीन? लायसन लागतंय?" लागत नाही. चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, हे केंद्राने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. सुरुवातीला १५ अँपिअरचे दोन भक्कम सॉकेट, नीट अर्थिंग, वेगळा मीटर आणि बाहेर एक पाटी एवढ्यानेही दुचाकीवाल्यांचा दिवस वाचेल. असे सॉकेट कुठल्याही कंपनीच्या घरगुती चार्जरला चालतात, आणि माझ्या मते खानापूर तालुक्यात आज मोठ्या यंत्रांपेक्षा यांचीच गरज जास्त आहे.

मोठ्या यंत्रासाठी मागणी करायची असेल तर पीएम ई-ड्राइव्हचा पैसा एकेका व्यक्तीला मिळत नाही. राज्याची नोडल संस्था जागांची मागणी एकत्र करून केंद्राकडे पाठवते. कर्नाटकात चार्जिंगची नोडल संस्था बेस्कॉम ही बेंगळुरूची वीज कंपनी आहे. म्हणून पंचायत, नगरपालिका किंवा बस आगाराला लेखी कळवा की आमच्या आवारातली जागा या यादीत घाला. अर्जात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: मोटारीसाठी सीसीएस-२, दुचाकीसाठी मानक ब्युरोने मान्य केलेलं कनेक्टर आणि सोबत साधे सॉकेट, आणि कुठल्याही ॲपशिवाय यूपीआयने पैसे देण्याची सोय. अर्जाची एक प्रत मराठीत आणि एक कन्नडमध्ये द्या, पोच घ्या, आणि महिन्याभराने पुन्हा जाऊन विचारा.