प्रतिसरकारचा नकाशा : हद्दी बसल्या, निवाडे बाकी

सातारच्या प्रतिसरकारच्या, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध उभारलेल्या समांतर सरकारच्या (१९४३–४६), नकाशाचा तळ आता पक्का झाला आहे. सर्वेक्षण खात्याची जुनी एक मैलाला एक इंच प्रमाणाची नकाशा-पत्रकं वापरली. कुंडल आणि इस्लामपूर पत्रक क्र. ४७ के/८ वर, तासगाव ४७ के/१२ वर, वडूज ४७ के/६ वर.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्रक अक्षांश-रेखांशांवर बसवताना पाच-पाच मिनिटांच्या रेघांचे १६ छेद घ्या आणि पहिल्या घाताचं बहुपदी रूपांतर लावा. थिन प्लेट स्प्लाइन हा दुसरा पर्याय प्रत्येक बिंदूवर शून्य चूक दाखवतो, कारण तो कागदच तिथवर ओढून नेतो. एखादा अंश-मिनिटाचा आकडा चुकला तरी पत्ता लागत नाही. एव्हरेस्ट या जुन्या मापन-आधारावरून जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ वर आणायला विसरलात तर सगळं शंभर-दीडशे मीटर सरकतं. कृष्णाकाठची वाडी थेट पात्रात!

आजची जिल्हा हद्द वापरू नका. दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा निघाला, त्याचंच पुढे सांगली झालं. खरी मेहनत संस्थानी ठिगळांची. प्रतिसरकारच्या सशस्त्र दलाचं, तुफान सेनेचं, केंद्र असलेलं कुंडल औंध संस्थानात होतं. तिथं ब्रिटिश जिल्ह्याच्या पोलिसांचा थेट अंमल चालत नसे. सगळी संस्थानं एकाच करड्या रंगात रंगवली तर कुंडलच का, हे नकाशावरून कधीच कळणार नाही. औंध, सांगली, मिरज, फलटण, प्रत्येकाला वेगळा रंग हवा.

१९४२ च्या ‘भारत छोडो’ आंदोलनातले कचेऱ्यांवरचे मोर्चे टाकताना तालुक्याच्या नावावर जाऊ नका. वाळवा तालुक्याची कचेरी इस्लामपूरला, खटावची वडूजला, खानापूरची विट्याला. शोधयंत्र १० सप्टेंबरचा इस्लामपूरचा मोर्चा वाळवा गावात नेऊन ठेवतं आणि ९ सप्टेंबरचा वडूजचा गोळीबार खटाव गावात. तासगावला (३ सप्टेंबर) ही भानगड नाही.

शेणोलीजवळची ७ जून १९४३ ची रेल्वे लूट स्थानकाच्या ठिपक्यावर नको, रुळाचा तुकडा म्हणून दाखवा.

न्यायदान मंडळांचा, म्हणजे प्रतिसरकारच्या गावोगावच्या न्यायालयांचा, थर अर्धाच झालाय. निवाडा झाला ते गाव आणि पक्षकारांचं गाव असे दोन रकाने ठेवा. एकच ठेवला की मंडळाचा पल्ला दिसत नाही.

प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांनी धुळ्याकडच्या चिमठाण्याला केलेल्या १४ एप्रिल १९४४ च्या खजिना लुटीसाठी कोपऱ्यात वेगळी चौकट. मुख्य नकाशा धुळ्यापर्यंत ताणला तर तालुके नखाएवढे होतात.