सुंभावर एक, मागचे पंख दिसले नाहीत

ज्येष्ठ वद्य त्रयोदशी. आर्द्रा नक्षत्र लागलंय आणि चंद्र पार पहाटे उगवणार. दिव्याकडे येणाऱ्या पतंगांच्या नोंदीसाठी याहून बरी रात्र नाही. पौर्णिमेच्या आसपास चांदण्यात दिव्यामागचं कापड बरंचसं रिकामं राहतं.

दिवा पडवीतच. 160 वॅटचा पाऱ्याचा दिवा प्रखर खरा, पण तापलेल्या काचेवर पागोळीचा थेंब पडला की तडा गेलाच. म्हणून पावसाळ्यात अतिनील एलईडी. मागे जुनं पांढरं सुती धोतर ताणायचं आणि खालची कड हातभर जमिनीवर पसरायची, कारण बरेच पतंग उभ्या कापडावर न येता खालीच बसतात. सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास, दिवा साडेसातला. पहिल्याच तासात पंखवाली वाळवी इतकी आली की कापड दिसेना. अशा वेळी दिवा अर्धा तास बंद ठेवावा. वाळवी पंख गाळून पांगते. झटकत बसलं तर पतंगच उडतात.

फळं टोचणारा पतंग मात्र दिव्याला फारसा भुलत नाही. त्याची अळी गुळवेलीवर वाढते, त्यामुळे कुंपणाला गुळवेल असली की तो असतोच. त्याला आमिष लागतं : पाव किलो गूळ आणि दोन वाट्या बरक्या फणसाचे पिलपिले गरे, दोन दिवस झाकून आंबवलेले. झाडाच्या खोडाला फासलं तर पाऊस धुऊन नेतो, उरलेलं डोंगळे फस्त करतात. त्यापेक्षा हातभर सुंभ त्यात भिजवून वळचणीखाली तारेने टांगावा आणि तारेला एरंडेल चोपडावं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी एक आला. मिटलेले पुढचे पंख म्हणजे हुबेहूब वाळकं पान, शिरेसकट. सोंड सुंभात रुतवलेली. हिचं टोक टणक आणि काटेरी, संत्र्याची सालसुद्धा भोसकणारं. फोटो इथे फसवतो. प्रजाती ठरते मागच्या नारिंगी पंखांवरच्या काळ्या खुणांवरून, आणि नेमके तेच झाकलेले! काडीने हलकेच डिवचलं की तो घाबरवायला पंख उघडतो, तेवढ्यात टिपायचं. हा सरळ उडालाच. वहीत 'युडोसिमा (फळं टोचणाऱ्या पतंगांचा वंश), प्रजाती अनिश्चित'.

एकही न आलेल्या रात्रीपुढे 0 लिहायचा, दिवा किती वेळ बंद होता तेही. पालीने टाकलेले सुटे पंखही नोंदवायचे, 'फक्त पंख' असा शेरा मारून. साडेपाचच्या आत कापडावरचे पतंग दाट झुडपात सोडायचे. उजाडलं की दयाळ आणि कोतवाल तिथेच न्याहारी उरकतात.