दोघांनाही गावानेच निवडलं

पंतप्रधान नको, अमेरिकेसारखा थेट लोकांनी निवडलेला राष्ट्राध्यक्ष हवा, हे अलीकडे आमच्या अमळनेरकडे लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतं. मला ते अजिबात पटत नाही. का, ते मी ग्रामपंचायत सदस्य म्हणून जवळून पाहिलं आहे.

आपल्याकडे २०१७ पासून सरपंच थेट जनतेतून निवडायला लागले. २०२० मध्ये ती पद्धत रद्द झाली, २०२२ मध्ये परत आली. एरवी आधी सदस्य निवडून यायचे आणि ते आपल्यातूनच सरपंच निवडायचे, लोकसभेच्या बहुमतावर पंतप्रधान ठरतो तसंच. त्यात घाण होतीच. निकाल लागला की सदस्यांना गाडीत घालून सापुताऱ्याला न्यायचं, मोबाइल काढून घ्यायचे आणि सरपंच निवडीच्या सकाळीच गावात आणायचं. हे थांबलं ते बरंच झालं.

पण आमच्या गावात सरपंच एका पॅनलचे आले आणि नऊपैकी सहा सदस्य दुसऱ्या पॅनलचे. ऐन मे महिन्यात पाणीपुरवठ्याच्या विहिरीवरची मोटर जळाली. नवी घ्यायचा ठराव मासिक सभेत आला, तर सहा जणांनी हात वर केलेच नाहीत. सरपंच म्हणाले, मला गावाने निवडलंय. सदस्य म्हणाले, आम्हालाही गावानेच निवडलंय. दोघांचंही खरं होतं! आणि बाया मळ्यातल्या विहिरीवरून हंडे वाहत होत्या. एक आजी पंचायतीच्या ओट्यावर येऊन म्हणाल्या, "आम्ही दोन्हीसले मत दिधं, आते जाब कोन देई?"

आजींच्या प्रश्नाला अध्यक्षीय पद्धतीत उत्तर नाही. अमेरिकेत डिसेंबर २०१८ मध्ये सीमेवरच्या भिंतीच्या पैशावरून अध्यक्ष आणि तिथली काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, अडून बसले. सरकारची कितीतरी खाती ३५ दिवस बंद, लाखो कर्मचारी पगाराविना. अध्यक्षांना विश्वास गमावला म्हणून घरी पाठवता येत नव्हतं आणि त्यांनाही काँग्रेस बरखास्त करून लोकांपुढे जाता येत नव्हतं. आपल्याकडे लोकसभेत अर्थसंकल्प पडला तर सरकारला जावंच लागतं.

१७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७०, एका मताने गेलं. त्यांच्यावर कुठला गुन्हा सिद्ध करावा लागला नाही, सभागृहाचा विश्वास नाही एवढंच पुरलं. उलट १८६८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन महाभियोगात एका मताने वाचले. सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, ३५ जण त्यांच्या विरोधात, १९ बाजूने, पण दोन तृतीयांशासाठी ३६ लागत होते. निम्म्याहून कितीतरी जास्त लोकांना नको असलेला माणूस खुर्चीवर राहिला. थेट सरपंचाचंही तसंच आहे: पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणताच येत नाही, नंतरही तीन चतुर्थांश सदस्य हवेत आणि वर ग्रामसभेचं गुप्त मतदान.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत हे स्वच्छ मांडलं होतं. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त, आणि मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं. कारण संसदीय पद्धतीत सरकारची झडती प्रश्नांतून, ठरावांतून, चर्चांतून रोज होते आणि निवडणुकीत मतदार घेतात ती वेगळीच.

आता ही रोजची झडती आपल्या लोकसभेत होते का? नीट होत नाही, आणि माझा खरा राग तिथे आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून खासदाराने पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडून मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. मग स्वतःच्याच सरकारला तो अडवणार कसा? व्हिप फक्त विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्पापुरता ठेवावा, बाकी विधेयकांवर खासदाराला मतदारसंघाकडे बघून मत देऊ द्यावं. राष्ट्राध्यक्ष आणण्यापेक्षा ही दुरुस्ती आधी मागायला हवी. पुढच्या लोकसभेला जळगावचे उमेदवार आमच्या गावात सभेला आले की मी उभी राहून त्यांना हेच विचारणार आहे आणि माइकवरच उत्तर मागणार आहे.