लक्ष्मीपूजनाची अमावास्या आणि व्हेनिसची भरती

दिवाळीच्या सुट्टीत युरोपला निघालेल्या ग्रुपला व्हिसा, थर्मल, फराळ किती न्यायचा हे सगळं सांगितलं जातं. लक्ष्मीपूजनाला अमावास्या असते आणि अमावास्येला समुद्राला उधाण असतं, हे मात्र कोणी सांगत नाही. व्हेनिसला जायचं असेल तर ते आधी सांगायला हवं.

ऑक्टोबर ते जानेवारी हे तिथले पाण्याचे दिवस. तिथले लोक या चढलेल्या पाण्याला आक्वा आल्ता म्हणतात. उधाणाची भरती, एड्रियाटिकचं पाणी उत्तरेला रेटणारा सिरोक्को वारा आणि उतरलेला हवेचा दाब हे तिन्ही जुळून आलं, की पाणी शहरात शिरतं. आमच्या दिवाळी टूरला यातलं पहिलं ठरलेलंच. मी टूर मॅनेजर म्हणून बरीच वर्षं हे काम करतेय, आणि वारा कुठला आहे हे रोज रात्री बघून झोपते.

ही गोष्ट २०२० च्या आधीच्या एका दिवाळीतली. भरती अडवायला समुद्राच्या तोंडाशी उभारलेले मोझेचे दरवाजे तेव्हा चालू झाले नव्हते. मुक्काम मेस्त्रेला, म्हणजे मुख्य भूमीवर. सकाळी नाश्त्याला आमच्या स्थानिक गाईडचा मेसेज आला: ‘११०, पावणेअकरा.’ शेजारच्या काकूंनी तो वाचला आणि पाच मिनिटांत सगळ्या टेबलांवर बातमी पोचली, की व्हेनिसमध्ये एकशे दहा सेंटिमीटर पाणी येणार. म्हणजे कमरेच्या वर! एक जोडपं हॉटेलवरच थांबायच्या तयारीत होतं. सान मार्को चौकातल्या फोटोसाठी खास काठपदराची साडी नेसून आलेल्या एक ताई माझ्याकडे असं बघायला लागल्या, जसं काही पाणी मीच सोडलंय.

मी उठून बोलणार, तेवढ्यात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका चहाचा कप ठेवून म्हणाले, “अहो, ही पातळी आहे, खोली नाही. धरणाची सांगतात तशी. आधी शून्य कुठलं धरलंय ते विचारा.” अगदी बरोबर. हे शून्य १८९७ च्या सुमारासच्या समुद्रपातळीवरून ठरलेलं आहे. सान मार्को चौक शहरातल्या सगळ्यात सखल भागांपैकी, त्या शून्याच्या साधारण ऐंशी सेंटिमीटर वर. ११० वजा ८० केलं की तीसेक सेंटिमीटर उरतात, म्हणजे वीतभराहून थोडं जास्त. आणि ११० ला शहराचा साधारण आठवा हिस्सा भिजतो, बाकीचं कोरडंच असतं.

खरा प्रश्न होता कार्यक्रमाचा. ट्रोंकेत्तो या बस थांबतात त्या बेटावरून खाजगी बोट, दहा वाजता सान मार्को, लगेच गोंडोला, असं छापलेलं होतं. नेमकी ती भरतीची वेळ. पाणी चढलेलं असताना गोंडोला ठेंगण्या पुलांखालून जातच नाहीत, मग त्याच चार कालव्यांत फिरवून आणतात. मी गाईडला फोन केला आणि दिवस उलटा करायचं ठरवलं. बोटवाल्याला सांगितलं, सकाळी नको, संध्याकाळी सान मार्कोहून परत न्यायला ये. मुंबईच्या ऑफिसला नंतर कळवलं. आधी विचारलं असतं तर उत्तर यायला ओहोटी लागली असती.

ट्रोंकेत्तोहून पीपल मूव्हर नावाच्या छोट्या रेल्वेने पियात्साले रोमा, तिथून चालत फ्रारी चर्च. एरवी ग्रुप टूरमध्ये फ्रारी नसतंच, आणि याचं मला कायम वाईट वाटत आलंय. मुख्य वेदीवर तित्सियानोनं रंगवलेलं मेरीचं स्वर्गारोहण आहे, १५१८ सालचं, ज्या वेदीसाठी काढलं तिथेच. त्याचं थडगंही तिथेच. गाईड बोलत होती, मी मागे उभी. इटलीत लायसन्स असलेल्या गाईडनंच इतिहास सांगायचा, आमच्यासारख्यांनी माणसं मोजायची.

पुढे सान पोलोच्या मोठ्या चौकातून रिआल्तो पुलाकडे निघालो. वाटेत एकदोन गल्ल्यांत घोट्याएवढं पाणी लागलं. दुकानदार दाराच्या चौकटीत लोखंडी फळी अडकवून आत निवांत बसले होते. प्लास्टिकचे गुडघ्यापर्यंतचे बूट विकणारे पोरगे हजर होतेच. मी कोणाला घेऊ दिले नाहीत, तासाभरात कचऱ्यात जातात.

सान मार्कोला पोचलो तेव्हा ओहोटी लागून बराच वेळ झाला होता, तरी तिथल्या बॅसिलिका चर्चसमोर पाणी होतंच. लोखंडी स्टँडवर टाकलेल्या फळ्यांवरून दुतर्फा माणसं चालली होती. या फळ्यांना पासेरेल्ले म्हणतात. त्यांवर सेल्फीसाठी थांबायचं नाही, मागची सगळी रांग अडते. काका मात्र खाली चौकातल्या दगडी जाळीपाशी वाकून बघत राहिले. काठावरून पाणी येतं असं सगळ्यांना वाटतं, पण आधी ते या गटाराच्या भोकांतूनच बुडबुड करत वर येतं. आता तिथे छोटा भोवरा फिरत होता, पाणी आलं त्याच वाटेनं परत चाललं होतं. “नॉन-रिटर्न व्हॉल्व नाही का बसवत हे लोक?” त्यांनी गाईडला विचारलं. मी भाषांतर केलं, ती हसली आणि पुढे बराच वेळ त्याच विषयावर बोलत राहिली. सगळा ग्रुप ऐकत होता.

तासाभरात चौक ओला पण मोकळा झाला. साडीवाल्या ताईंचा फोटो निघाला, वर बॅसिलिकाच्या सज्जातले ब्राँझचे चार घोडे होते. ती नक्कल, कॉन्स्टँटिनोपलहून लुटून आणलेले अस्सल घोडे आत आहेत. गोंडोलाही मनासारखी झाली. फराळाचे डबे मात्र बोटीतच उघडायला लावले. चौकात पायऱ्यांवर बसून खाल्लं तर दंड होतो, चकली असली तरी.

आता मोझे आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. दरवाजे साधारण ११० चा अंदाज असला की उठवतात. ऐंशी-नव्वदला बंद करत नाहीत, आणि तेवढ्यातही सान मार्कोत पाणी येतं. बॅसिलिकाभोवती आता काचेची भिंत आहे, चौकाला नाही. व्हेनिस महापालिकेचं भरती केंद्र पुढच्या तीन दिवसांचा अंदाज देतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती सकाळी उशिरा आणि रात्री येते, त्यामुळे दिवाळीत जात असाल तर कंपनीला एवढंच विचारा: सान मार्को किती वाजता? दुपारनंतर म्हणाले तर ठीक. सकाळी दहा म्हणाले तर बॅगेत सँडल ठेवा आणि पँट दुमडायची तयारी ठेवा.