जुनी पेन्शन आणि भाच्याशी झालेली चर्चा

रविवार, रात्र

भाचा संध्याकाळच्या बसने परत गेला. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि त्याची नेमणूक 1 नोव्हेंबर 2005 नंतरची असल्यामुळे जुनी पेन्शन, म्हणजे पगारातून कपात न होता निवृत्तीनंतर सरकारकडून मिळणारी ठरावीक पेन्शन, त्याला लागू नाही. मी खासगी कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. ‘ईपीएस-95’ या कर्मचारी पेन्शन योजनेखाली मला महिन्याला जेमतेम तीन हजार रुपये मिळतात आणि त्यांवर महागाई भत्ता नसतो. 14 मार्च 2023 रोजी राज्यातील सरकारी कर्मचारी आणि शिक्षक ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत बेमुदत संपावर गेले, तेव्हापासून आमच्या घरी हा विषय निघाला की जेवणाची चव जाते. संप आठवड्याभरात मिटला. आमचा वाद मात्र लग्नकार्यांत आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चालूच राहिला, आणि दर वेळी तो पेन्शनवरून पक्षावर, पक्षावरून नेत्यावर आणि शेवटी एकमेकांच्या नोकरीवर घसरत गेला.

आज तसे झाले नाही. ते का झाले नाही, हे लिहून ठेवावेसे वाटते.

आज ऐकायला तिसरे कोणी नव्हते, हे मला सर्वांत मोठे कारण वाटते. भोवती चार माणसे असली की आपण समोरच्याशी बोलत नाही, त्या चौघांसाठी बोलतो. वादविवादाची थोर परंपरा म्हणून आपण टिळक-आगरकरांचा दाखला देतो. पण आगरकरांनी 1887 मध्ये ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला, त्यानंतर दोघांचे जे कडाक्याचे लेखन झाले, ते वाचकांना आपल्या बाजूला वळवण्यासाठी होते. त्याने महाराष्ट्र पुष्कळ शिकला, पण त्या दोघांनी एकमेकांची मते बदलली असे काही दिसत नाही. घरातल्या माणसाशी बोलताना तो नमुना निरुपयोगी आहे.

भाच्याने सुरुवातच वेगळी केली. “मामा, माझी मागणी काय आहे, ते आधी तुम्हीच सांगा,” असे तो म्हणाला. मी सांगितले, की शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम आणि वर महागाई भत्ता, तोही स्वतःच्या पगारातून काही न कापता. त्याने मान डोलावली आणि एक भर घातली. जुन्या योजनेत नोकरीत असताना कर्मचारी वारला, तर त्याच्या बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असे. त्याच्यासारख्यांना राज्याने ते 2023 पर्यंत दिलेच नव्हते. त्याच्या शाळेतले एक सहकारी त्याआधी गेले आणि त्यांच्या घरच्यांच्या हाती खात्यात साठलेली तुटपुंजी रक्कम पडली. संपाला गेलेली माणसे केवळ म्हातारपणाच्या सुखासाठी गेली नव्हती, हे मला त्या एका गोष्टीने जितके पटले तितके कोणत्याही घोषणेने पटले नव्हते.

मग माझी बाजू सांगण्याची पाळी त्याची होती. “तुम्हाला मिळत नाही म्हणून आम्हालाही मिळू नये, असे तुम्हाला वाटते,” असे तो म्हणाला. मी ते मान्य केले नाही आणि पुन्हा सांगायला लावले. दुसऱ्या खेपेला त्याने बरोबर सांगितले: राज्याच्या तिजोरीत वीटभट्टीवरच्या मजुराने साबणावर भरलेला करही जातो, त्या मजुराला म्हातारपणी काहीच नाही, आणि जुन्या पेन्शनचा बोजा पेलणार नाही असा इशारा रिझर्व्ह बँकेनेही राज्यांना दिलेला आहे.

मध्ये आमदारांच्या पेन्शनचा विषय निघाला. एकदा निवडून आलेल्या आमदाराला महिन्याला 50,000 रुपये मिळतात, यावर आमचे तत्काळ एकमत झाले आणि दोघांनाही फार बरे वाटले. असे एकमत हीच मला चर्चेतली सर्वांत फसवी जागा वाटते, कारण तिसऱ्याला मिळून नावे ठेवली की आपण जवळ आलो असे वाटते, आणि मूळ प्रश्न जिथल्या तिथे राहतो. आमदारांची पेन्शन उद्या बंद झाली, तरी लाखो कर्मचाऱ्यांचा हिशेब त्याने सुटत नाही. भाच्याने हे कबूल केले, पण थोडे नाखुशीने.

त्यानंतर आम्ही कागद घेऊन बसलो. त्याला लागू असलेल्या नव्या योजनेत मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के रक्कम त्याच्या पगारातून कापली जाते, सरकार आपला वाटा घालते, पैसे बाजारात गुंतवले जातात, आणि निवृत्त होताना जमा रकमेच्या किमान 40 टक्के रक्कम विमा कंपनीकडे देऊन दरमहा जे येईल ते घ्यावे लागते. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने ‘यूपीएस’ (युनिफाइड पेन्शन स्कीम) जाहीर केली आणि महाराष्ट्राने ती लगेच स्वीकारली. तीत 25 वर्षे सेवा झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्याची हमी आहे, मात्र कपात चालूच राहते. मला हा तोडगा न्याय्य वाटतो. त्याला तो अर्धवट वाटतो, कारण आयुष्यभर स्वतःचे पैसे घालूनही सगळी जमा रक्कम हातात येत नाही.

कागदावरच्या आकड्यांबद्दल आमचे दुमत उरले नाही, आणि जे दुमत उरले ते एका ओळीत मावणारे होते: बाजार पडला तर तोटा कोणी सोसायचा? तो म्हणतो, नोकरीवर ठेवणाऱ्याने. मी म्हणतो, दोघांनी. या प्रश्नाला कोणत्याही पक्षाचे नाव चिकटलेले नव्हते, आणि तासाभरात आमच्यापैकी कोणी कोणाला अंधभक्त किंवा फुकटखाऊ म्हटले नाही.

निघताना त्याने मला विचारले, की ईपीएसची किमान पेन्शन 2014 पासून 1000 रुपयांवर अडकली आहे, तर ती वाढवण्याच्या मोर्चाला तुम्ही गेलात का. मी गेलेलो नाही. सरकारकडे मागायला जाणारा तो आणि घरी बसून हिशेब मांडणारा मी, यांत कोणाचे वागणे बरोबर, यावर आम्हाला दिवाळीत बोलायचे आहे. येताना तो आपल्या खात्याचा उतारा आणणार आहे.