मेक्सिकोला जायचं तर वाहाकाला मुक्काम करा

मेक्सिकोला निघालेली ओळखीची मंडळी मला प्रवासाची आखणी पाठवतात आणि 'जरा नजर टाक' म्हणतात. आखणी बहुतेक वेळा एकच असते: कान्कूनचा समुद्र, चिचेन इत्झा, मेक्सिको सिटीत दोन रात्री आणि परत. मी त्यातलं कान्कून खोडून तिथे दक्षिण मेक्सिकोतलं वाहाका हे शहर लिहिते. (नकाशावरचं स्पेलिंग बघून तुम्ही ओअक्साका म्हणाल, बसच्या तिकीट-खिडकीवर वाहाकाच म्हणा.) काही जण रुसतात. पण समुद्रासाठी एवढं लांब कशाला जायचं, गुहागर आहे की.

मी कंपनीच्या कामासाठी मॉन्टेरीत राहत होते, तेव्हापासून या देशाचा नाद लागलाय. सुरुवातीला मीही एका पिरॅमिडवरून दुसऱ्या पिरॅमिडवर पळायचे. आता एका खोऱ्यात बसून राहते. इथला वारसा दगडांत आहेच, पण त्याहून जास्त तो चुलीवर आणि मागावर आहे, आणि तो अडीच तासांच्या गाइडेड टूरमध्ये दिसत नाही. या खेपेला मृतांचा सण गाठायचा म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीस गेले. त्या प्रवासाचं हे टिपण, जाणाऱ्यांच्या उपयोगाला.

आधी कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो, पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन यांपैकी एखादा वैध व्हिसा असेल तर वेगळा काढावा लागत नाही. भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेतून जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलासुद्धा अमेरिकेचा व्हिसा हवा. युरोपमार्गे जाताना त्या देशाचे ट्रान्झिटचे नियम आधी बघा. इमिग्रेशनला परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग मागू शकतात, कागदावर छापून ठेवा. अधिकारी शिक्क्यावर किती दिवस मुक्कामाची परवानगी लिहितो ते खिडकीवरून हलायच्या आत वाचून घ्या. १८० दिवस सरसकट मिळतात हा समज आता जुना झाला.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागते, डोकं जड होतं. तो दिवस हळू काढा, पाणी भरपूर प्या, पण नळाचं नको. दुसऱ्या दिवशी मानववंशशास्त्र संग्रहालय. १९६४ साली उघडलेल्या या इमारतीचं अंगण एकाच खांबावर तोललेल्या प्रचंड छताखाली आहे आणि त्या खांबाभोवतीनं पाणी कोसळत असतं. सगळे थेट अझ्टेकांच्या कोरीव सूर्यशिळेकडे धावतात. ती १७९० साली शहराच्या मुख्य चौकात खोदकाम करताना सापडली, ती बघाच. पण वरचा मजला टाळू नका. खालच्या दालनांत ज्या लोकांचा भूतकाळ मांडलाय, त्यांच्याच आजच्या घरांची, कपड्यांची, सणांची दालनं वर आहेत. वर नेहमी शुकशुकाट असतो. संग्रहालय सोमवारी बंद. रविवारी स्थानिकांना फुकट असतं, म्हणून गर्दी.

शहरात मराठी माणसाला एक जागा चुकवता येणार नाही. जुन्या गावठाणात शिक्षण मंत्रालयाची इमारत आहे, तिच्या भिंती चित्रकार दिएगो रिवेराने १९२०च्या दशकात रंगवल्या. त्यातल्या एका चित्रात टेबलाभोवती माणसं बसलीत आणि मधला माणूस भाकर मोडून वाटतोय. तो चेहरा पांडुरंग खानखोजे यांचा असल्याचं मानलं जातं. वर्ध्यात जन्मलेले, गदर चळवळीतले हे क्रांतिकारक पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ झाले, चापिंगोच्या शेतकी विद्यापीठात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. स्वातंत्र्यानंतर परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा बसवला. नागपूर-वर्ध्याबाहेर आपल्याकडे किती जणांना हे नाव माहीत आहे, हा प्रश्न मी दर वेळी त्या भिंतीसमोर स्वतःला विचारते आणि उत्तर काही सुधारत नाही.

शहरातली मेट्रो वापरा, स्वस्त आहे. प्रत्येक स्टेशनला स्वतःचं चित्र आहे, त्यामुळे स्पॅनिश येत नसलं तरी अडत नाही. गर्दीच्या वेळी पुढचे डबे बायका-मुलांसाठी राखीव असतात. रात्री रस्त्यावरची टॅक्सी हात करून थांबवू नका, ॲपवरून मागवा. भूकंपाचा भोंगा वाजला तर सगळे जातात तिकडे निमूट बाहेर पडा, फोन-पर्स शोधत बसू नका.

वाहाकाला विमान आहे, पण मी बसने जाते. पूर्वेकडच्या तापो बस स्थानकावरून पहिल्या वर्गाची गाडी सहा-सात तासांत पोचते. वाटेत डोंगरभर खांबासारखी उभी निवडुंगं दिसतात. गाडीत एसी इतका थंड असतो की शाल हवीच. खिडकी मिळाली तर दिवसाची बस घ्या, रात्रीची नको.

मोन्ते अल्बान सकाळी उघडता उघडता गाठा. इसवी सनपूर्व ५००च्या सुमारास झापोतेक लोकांनी आख्खा डोंगरमाथा सपाट करून हे शहर वसवलं. वर सावली नाही, टोपी आणि पाणी बरोबर ठेवा. 'नर्तक' म्हणून प्रसिद्ध असलेल्या कोरीव शिळा नीट बघा: मिटलेले डोळे, उघडी तोंडं, वेडेवाकडे हातपाय. हे नाचणारे नव्हेत, ठार केलेले कैदी असावेत असं आता अभ्यासक म्हणतात. इथल्या सात नंबरच्या थडग्यात १९३२ साली आल्फोन्सो कासो यांना सोनं, मोती आणि कोरलेली हाडं यांचा मोठा ठेवा सापडला; थडगं झापोतेकांचं, पण आतला ऐवज नंतरच्या मिश्तेक लोकांचा. तो शहरात, सान्तो दोमिंगो चर्चशेजारच्या मठातल्या संग्रहालयात आहे. डोंगर आणि मठ एकाच दिवशी बघा, जोडी लागते. मित्ला या दुसऱ्या जुन्या स्थळाच्या भिंतींवरची दगडी जाळीची नक्षी चुन्याशिवाय, तुकड्याला तुकडा बसवून केलेली आहे. तिथे तासभर पुरे. एर्वे एल आग्वाचे 'दगडी धबधबे' सुंदर आहेत, पण गावांच्या आपसातल्या वादामुळे रस्ता अधूनमधून बंद होतो. हॉटेलवर विचारल्याशिवाय निघू नका.

आता ज्यासाठी मी पुन्हा पुन्हा जाते ते. शहरापासून शेअर टॅक्सीने साधारण अर्ध्या तासावर तेओतित्लान देल वाये नावाचं विणकरांचं गाव आहे. बहुतेक लोक टूरच्या गाडीतून येतात, रंगांचं प्रात्यक्षिक बघतात, गालिचा घेतात आणि जातात. मी एका विणकर कुटुंबाकडे खोली घेऊन राहिले. घरातले लोक आपसात झापोतेक बोलतात, माझ्याशी स्पॅनिश.

सेन्योरा, म्हणजे घरच्या बाई, पहाटे पाचला उठायच्या. रात्री मका चुन्याच्या पाण्यात मंद आचेवर उकळून तसाच झाकून ठेवलेला असायचा. सकाळी दाणा चोळला की पिवळं साल निसटून येतं आणि हाताला साबणासारखा बुळबुळीतपणा लागतो. धुतलेला मका बादलीत घालून आम्ही चक्कीवर जायचो. तिथे बायकांची रांग, प्रत्येकीची बादली, प्रत्येकीला पीठ किती बारीक हवं ते चक्कीवाल्याला पाठ. पीठ घरी आलं की सेन्योरा गुडघ्यांवर बसून ते पुन्हा तिरप्या दगडी पाट्यावर वाटायच्या. मी विचारलं, चक्कीवर झालंय ना? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वाटत राहिल्या. चुलीवर मातीचं खापर. त्याला आधी चुन्याच्या पाण्याचा हात फिरवतात, म्हणजे तोर्तिया, ही मक्याची पातळ भाकरी, चिकटत नाही. पहिली तोर्तिया फुगली की मीठ लावून माझ्या हातात.

चुन्यात मका शिजवण्याची ही युक्ती हजारो वर्षं जुनी आहे आणि ती फक्त चवीची नाही. चुन्यामुळे मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. युरोपने मका नेला, चुना नेला नाही. पुढे इटलीत आणि स्पेनमध्ये मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा रोग झाला. संग्रहालयातल्या कोणत्याही शिळेपेक्षा ही बादली मला जास्त थोर वाटते.

दुपारी सेन्योर माग चालवायचे. लोकर आणि पायांचा माग स्पॅनिशांनी आणला. रंग मात्र इथले. लाल रंग निवडुंगाच्या पानावर वाढणाऱ्या कोचिनिया किड्याचा. करड्या, वाळलेल्या चार किड्या तळहातावर चुरडल्या की गडद लाल. त्यावर लिंबू पिळलं की भगव्याकडे झुकतो, खाण्याचा सोडा टाकला की जांभळा. स्पॅनिश राजवटीत चांदीच्या खालोखाल मोलाची निर्यात या किड्याची होती. प्रात्यक्षिक सगळीकडे असंच दाखवतात, पण दुकानातला प्रत्येक गालिचा त्या रंगाचा नसतो. स्वस्त मालात रासायनिक रंग असतो. सरळ विचारा, चांगला विणकर सरळ सांगतो. मोठा गालिचा विणायला कित्येक आठवडे लागतात, तेव्हा तुळशीबागेतली घासाघीस इथे नको. थोडं कमी करता का, इतपत ठीक.

याच घरात मला एक वही दाखवली. लग्नाला, सणाला, मयताला कुणी किती टर्की, किती मका, किती कोको दिला याची पिढीजात नोंद. देणाऱ्याच्या घरी काही निघालं की तेवढंच परत करायचं. याला गेलागेत्सा म्हणतात. आपल्या आजीच्या ट्रंकेत आहेराची वही असायची, तिची ही सख्खी बहीण. जुलैमध्ये वाहाकात याच नावाचा नाचांचा मोठा महोत्सव होतो, तिकिटं वगैरे असतात. तो रंगीत आहे, देखणा आहे. खरा गेलागेत्सा या वहीत आहे.

रविवारी त्लाकोलुलाच्या बाजाराला जा. काखेत जिवंत टर्की घेतलेल्या बायका, ढिगाने मिरच्या, आणि मोठ्या मातीच्या परातीत फेसाळलेलं तेहाते: मका, कोको आणि मामे नावाच्या फळाची बी वाटून हाताने घुसळलेलं थंड पेय. प्या, पण पोट नाजूक असेल तर गर्दीच्या टोपलीवालीकडेच. आणि पेरू, सीताफळ, पपई, चिकू, टोमॅटो, मिरची बघून 'अरे, हे सगळं आपलंच' असं म्हणू नका. यातलं सगळं अमेरिका खंडाच्या या बाजूने आपल्याकडे आलंय.

झेंडूसुद्धा. दसऱ्याला दारावर लावतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. मृतांच्या सणात तो गाड्या भरभरून येतो, जोडीला लाल कोंबड्याची फुलं. घरोघरी उसाची कमान उभारून त्याखाली मृताच्या आवडीचं सगळं मांडतात: चॉकलेट, मोले (मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा), मेस्काल ही इथली दारू, शेंगदाणे, चिमुकला चेहरा लावलेला पाव, पुढ्यात कोपाल धुपाचा धूर. ३१ ऑक्टोबरच्या रात्री शोशोकोत्लानच्या स्मशानात मी गेले होते. कुटुंबं थडग्याजवळ खुर्च्या टाकून बसलेली, मुलं झोपलेली, कुठे बँड वाजतोय, कुठे बाटली फिरतेय. पर्यटकही तितकेच, आणि त्यातले काही रडणाऱ्या बाईच्या तोंडासमोर फ्लॅश मारणारे. आधी नमस्कार करा, विचारा, मग फोटो. तेओतित्लानमध्ये फोन खिशातच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन घरांत बोलावणं आलं. जाताना फुलं, पाव किंवा चॉकलेट न्यावं, रिकाम्या हाताने जाऊ नये. मेक्सिको सिटीतल्या भव्य मिरवणुकीसाठी मात्र तारखा बदलू नका. एका बाँडपटात तशी मिरवणूक दाखवली म्हणून २०१६ पासून सुरू झालेली आहे ती. या दिवसांत वाहाकातली हॉटेलं कित्येक महिने आधी भरतात आणि दर चढतात.

शाकाहारी लोकांनी घाबरू नये, पण सावध राहावं. 'सिन कार्ने' म्हटलं की गोमांस-डुकराचं मांस वगळून चिकन येतं. पूर्ण वाक्य पाठ करा: 'नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो', म्हणजे मी मांस, चिकन, मासे काहीच खात नाही. राजम्यात आणि तामाल या मक्याच्या उकडलेल्या उंड्यांत डुकराची चरबी (मान्तेका) असते, भातात चिकनचं पाणी. 'सिन मान्तेका' विचारा; त्लायुदा (मोठी कडक तोर्तिया) मागताना 'सिन आसिएन्तो' म्हणा, नाहीतर तळाशी चरबीचा थर असतो. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, निवडुंगाची भाजी, ताणलेलं ताजं केसियो चीज, पाण्यातलं गरम चॉकलेट आणि अंड्याचा पाव (अंडं चालत असेल तर) यांवर आठवडा सहज निघतो. मोले शाकाहारी क्वचितच मिळतं.

पैशाचं: पेसोचं चिन्ह डॉलरसारखंच असतं, दचकू नका. एटीएम 'आमच्या दराने रूपांतर करू का' विचारतं, नाही म्हणा. खेड्यात रोकडच चालते आणि ५०० पेसोची नोट कुणी मोडत नाही. हॉटेलात १० ते १५ टक्के टिप. दुकानात शिरताना आधी 'बुएनोस दीयास', मग किंमत, नुसतं 'कितीला?' म्हटलं तर चेहरा पडतो. खाणावळीतून निघताना शेजारच्या टेबलाला 'प्रोवेचो' म्हणतात, तुम्हीही म्हणा.

येताना मोलेची पेस्ट आणा, चेक-इन बॅगेत. हातातल्या बॅगेतून सिक्युरिटीवाले काढून घेतात. घरी भाजीच्या पाण्यात ढिली केली की मटणाशिवायही झकास लागते, फक्त पेस्टमध्ये चरबी नाही ना ते घेतानाच विचारा. मेस्काल भारतात दोन लिटरपर्यंत शुल्काशिवाय आणता येतो. मक्याचे रंगीत दाणे मोहात पाडतात, पण बियाणं कागदपत्रांशिवाय आणू नका, कस्टमला अडवतात. गालिचा गुंडाळून दोरीने बांधून मागितला तर विणकर असा घट्ट बांधून देतात की तो बॅगेत उभा बसतो.